उस्तादांचे पांढरे दगड

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या डोक्याला गुंडाळलेला स्कार्फ ओढून काढला आणि खिडकीतून बाहेर फेकला. ऐन थंडीची पहाट, बोर धरणावरून येणारं वारं, माझे दात वाजत होते, आणि ज्या माणसाशी माझी धड ओळखही झाली नव्हती त्यानं माझे कान उघडे करून ठेवले होते. थंडी वाजते म्हटलं तर म्हणाले, "वाजू दे. कान झाकून ज्याले धुक्यात गाडी चालवाची आहे, त्यानं घरी गोधडीत निजावं." मग दोन्हीकडच्या काचा पूर्ण खाली केल्या, गाणी वाजत होती तो पेनड्राइव्ह उपटला आणि स्वतःच्या खिशात टाकला. तो मला आजतागायत परत मिळालेला नाही. स्कार्फ मात्र मी खाली उतरून आणला. नवा होता, असा कसा सोडणार?

हे आमचे उस्ताद. सगळा तालुका त्यांना उस्तादच म्हणायचा. घरातसुद्धा त्यांची बायको, आमच्या काकू, "तुमचे उस्ताद जेवले नाई अजून" असंच सांगायच्या, जणू आम्हीच त्यांना आणून ठेवलंय त्यांच्याकडे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी लाइनच्या ट्रकवर काढली होती. सिंदी रेल्वेहून कापसाच्या गाठी भरायच्या आणि पार पंजाबपर्यंत जायचं. तिकडचं धुकं खाऊन आलेला माणूस. पुढे हिंगणी-सेलू रस्त्याला लागून घर बांधलं आणि आसपासच्या नव्या ड्रायव्हरांना हिवाळ्यात गाडी कशी चालवायची ते शिकवायला लागले. फक्त हिवाळ्यात. उन्हाळ्यात कुणी गेलं तर हाकलून द्यायचे. उन्हात तर म्हैसही रस्ता पार करते, तिला कोण शिकवतं, म्हणायचे.

आमची हिंगणीला भाजीची शेती. वांगी, कोबी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. घरची सहाचाकी गाडी होती आणि ती दादा चालवायचा. दादाला पुण्याला नोकरी लागली, तो गेला. मग ठेवलेला ड्रायव्हर दिवाळीला घरी गेला तो परतलाच नाही. ऐन भाजीचे दिवस, तोडलेला माल बांधावर पडून. मी शाळेत असल्यापासून ट्रॅक्टर चालवत होते, गाडीचं लायसन्सही काढून ठेवलं होतं. मी म्हटलं, मी नेते. बाबांनी आधी नाही म्हटलं, मग आईकडे बघितलं, मग अट घातली. उस्ताद ज्या दिवशी "हाव", म्हणजे हो, म्हणतील त्या दिवसापासून मी एकटीनं गाडी न्यायची; तोवर त्यांना सोबत घेतल्याशिवाय चावीला हात लावायचा नाही. आणि संक्रांतीपर्यंत त्यांचा "हाव" नाही आला, तर गाडी विकून टाकायची. त्यामुळे त्या एका शब्दासाठी मी तो अख्खा हिवाळा उघड्या कानांनी गारठत काढला.

आणि ते काही "हाव" म्हणेनात. बाई आहे म्हणून म्हणत नसतील, असं मला आधी वाटलं. मग पाहिलं तर पुरुषांनाही ते असंच छळायचे, आणि त्यांना वरून शिव्याही असायच्या. मला शिव्या मिळत नाहीत याचं थोडं वाईटच वाटलं.

त्यांच्या खिशात अर्धा कापलेला बटाटा असायचा. पहिल्यांदा तो बाहेर काढून त्यांनी आतून काचेवर घासायला सुरुवात केली तेव्हा मला वाटलं, झालं, या माणसाचं डोकं फिरलंय आणि मी याच्यासोबत वर्ध्याला निघालेय. पण काचेवर वाफ धरली नाही, अगदी बोरगाव मेघेपर्यंत नाही. मग तोच काळा पडलेला बटाटा त्यांनी परत खिशात ठेवला, आणि थोड्या वेळानं त्याच खिशातून फुटाणे काढून मला देऊ केले. मी उपास आहे म्हणून सांगितलं.

शिकवणं म्हणजे काय, तर धुकं पडलं की गाडी रस्त्याच्या खाली घेऊन बंद करायला लावायचे आणि डोळे मिटायला सांगायचे. काय येतंय ते ऐकून सांग. एसटी, ट्रॅक्टर, बैलबंडी, सायकल. मी ट्रॅक्टर म्हटलं तर विचारायचे, ट्रॉली भरलेली का रिकामी? भरलेली म्हटलं तर, कापसाची का उसाची? एकदा मी चिडून म्हटलं, उस्ताद, ट्रॉलीत बसलेल्या माणसाचं आडनाव पण सांगू का? तर गंभीरपणे म्हणाले, पुढच्या हिवाळ्यात. फुल लाइट लावला की हातावर चापट बसायची, कारण धुक्यात तो उजेड उलटून आपल्याच डोळ्यांत येतो. पुढच्या गाडीचे लाल दिवे धरून तिच्यामागे जायचं नाही, कारण ती खड्ड्यात गेली तर तूही जाशील. आणि गाडी बिघडून उभी राहिली तर दिवे लावून रस्त्यावर ठेवायची नाही, कारण मागच्याला वाटतं ती चालतेय. हे सगळं ते असं सांगायचे की जणू मी आत्ताच कुणाला तरी मारून आलेय.

चुन्याचा डबा तर कायम गाडीत. रस्त्यानं बंडी दिसली की गाडी थांबवायला लावायचे, उतरायचे आणि बंडीच्या मागच्या फळीवर कुंच्यानं चुन्याचा पट्टा ओढून यायचे. विचारणं नाही, सांगणं नाही. बंडीवाला पुढे बसलेला, त्याला पत्ताच नसायचा. कुणी भांडायला आलं तर म्हणायचे, तुले दिसत नाई मागून कसा दिसतो ते, मले दिसते. एकदा एका ट्रॉलीवाल्यानं आम्हाला सेलूपर्यंत पिटाळलं. मी गाडी दामटत होते आणि हे बाजूला बसून, पट्टा चांगला दिसून राह्यला म्हणून खूश.

पण म्हशीचं प्रकरण झालं तेव्हा मी उडालेच. त्यांनी शेजाऱ्याच्या काळ्या म्हशीच्या पुठ्ठ्यावर चुना फासला. शेजारी काठी घेऊन दारात आला, काकूंनी हात जोडले, सगळा रस्ता जमा झाला. लोक पोट धरून हसले, मीही हसले. म्हैस गोठ्यात बांधलेली होती, रस्त्यावर नव्हती, ही गोष्ट शेजारी ओरडून ओरडून सांगत होता, पण ती कुणी मनावर घेतली नाही. उस्तादच ते, त्यांचं काय घेऊन बसायचं?

आता दगडांचं सांगते. आपल्याकडे गाडी बंद पडली की ड्रायव्हर काय करतो? बाजूचे चार धोंडे उचलतो, गाडीच्या मागे रस्त्यावर मांडतो, एखादी बाभळीची फांदी खोचतो. त्यात चूक काही नाही. पण गाडी दुरुस्त झाली की भाऊ चढतो आणि निघून जातो. दगड तिथेच. गाडी नाही, माणूस नाही, भर रस्त्यात नुसते काळे दगड. उन्हात दिसतात तरी. धुक्यात मोटरसायकलवाला थेट त्यावर जातो. आपल्या जिवासाठी मांडलेला दगड दुसऱ्याच्या जिवावर उठतो, आणि ठेवणारा तोवर नागपूरला पोचून चहा पीत असतो. हे बोलताना उस्तादांचा आवाज चिरकायचा. रस्त्यात असे बेवारस दगड दिसले की ते गाडी थांबवून नालीत लोटायचे, आणि दर दगडामागे त्या अनोळखी ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार.

स्वतःचे मात्र त्यांचे दोन दगड ठरलेले होते. पांढरेशुभ्र, चुना दिलेले, पोत्यात घालून त्यांच्या पायाशी ठेवलेले. ज्यांच्या घरी बैल असतात ते पोळ्याला बैल सजवतात. उस्तादांकडे बैल नव्हते, ते त्या दिवशी हे दगड धुवायचे आणि नवा चुना द्यायचे. रस्त्यावरचा दगड ते कधीच उचलून मांडत नसत. "आपले दगड आपल्यासंग," म्हणायचे. "ज्यानं ठेवले त्यानंच उचलाचे, आन् उचलले मनून मोठ्यानं सांगाचं." मी एकदा मदत म्हणून त्यातला एक उचलायला गेले तर असे खेकसले की बाप्पा! दोघांनी उचलले की दोघांनाही वाटतं दुसऱ्यानं उचलले, म्हणून त्यांच्या दगडांना दुसऱ्यानं हात लावायचा नाही. सेलूपासून हिंगणीपर्यंत ते पांढरे दगड सगळ्यांना माहीत होते. ते दिसले म्हणजे पुढे उस्ताद उभे आहेत, सावकाश जायचं.

संक्रांत आठवड्यावर आली होती. बाबांनी गाडी बघायला एक गिऱ्हाईकही बोलावून ठेवलं होतं, आणि माझं तोंड कडू झालं होतं. त्या पहाटे धुकं असं होतं की गाडीचं नाक दिसत नव्हतं. मागे कोबी आणि वांगी भरलेली. सेलूच्या अलीकडे वळणाजवळ मागचं चाक बसलं. मी गाडी होईल तितकी खाली घेतली, दिवे बंद केले, जॅक काढला. उस्ताद पोतं घेऊन मागे गेले आणि दगड मांडून बॅटरी हलवत तिथेच उभे राहिले. मी घामाघूम होऊन चाक बदललं. एका शब्दानंही त्यांनी शिकवलं नाही, म्हणजे मी बरोबर करत होते. मला वाटलं, आज म्हणणार. आज "हाव" म्हणणारच.

मी हात पुसत आत बसले. मागून त्यांचा आवाज आला, "उचलले." मग ते चढले, पोतं पायाशी टाकलं, आणि आम्ही निघालो.

बोरगाव मेघेला चहाला थांबलो तेव्हा बरंच उजाडलं होतं, पण धुकं तसंच. चाकाचे नट पुन्हा आवळावे म्हणून मी पाना शोधत होते. तो त्यांच्या पायाशी, पोत्याखाली गेला होता. मी पोतं बाजूला ओढलं आणि ते हातात अलगद आलं. रिकामं.

"उस्ताद, दगड?"

"उचलले ना." ते चहा फुंकत होते.

मी पोतं वर धरलं. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, आत हात घातला, मग उलटं करून झटकलं. चुन्याची पूड पडली. आणि त्यांचा चेहरा! त्या माणसाला मी चिडलेलं पाहिलं होतं, भांडताना पाहिलं होतं, म्हशीच्या मालकासमोर छाती काढून उभं राहिलेलं पाहिलं होतं. घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"गाडी फिरव," ते म्हणाले.

वर्ध्याचा बाजार पाच मिनिटांवर होता. मागे फिरलं तर लिलाव संपला असता, माल तसाच परत गेला असता, आणि बाबांना गाडी विकायला कारणच मिळालं असतं. हे सगळं माझ्या डोक्यात आलं आणि गेलं. मी गाडी फिरवली. आयुष्यात पहिल्यांदा मला धुक्यात जोरात चालवावंसं वाटत होतं आणि जोरात चालवता येत नव्हतं. ते खिडकीतून अर्धे बाहेर वाकून ऐकत होते. मी मनात म्हणत होते, कुणी नसू दे, देवा, कुणी नसू दे.

वळणावर आधी दूध दिसलं. डांबरावर पांढरं पसरलेलं, एक कुत्रं चाटत होतं. मग आडवी पडलेली मोटरसायकल, चेपलेले कॅन, आणि रस्त्याच्या कडेला हनुवटी धरून बसलेला दूधवाला. रोज आम्हाला हात करणारा, ओळखीचा पोरगा. डावा हात मांडीवर विचित्र वाकडा ठेवलेला, सदऱ्यावर रक्त. पण जिवंत होता. एक पांढरा दगड नालीत गेला होता, दुसरा रस्त्याच्या मधोमध होता तसाच.

आम्हाला पाहून त्याला धीर आला. उस्तादांना म्हणाला, "बरं झालं तुमी आले. पाहा ना, कोन्या नालायकानं तुमचे दगड चोरले, आन् इथं मांडून पयाला."

मला रस्त्यानं गिळावं असं झालं. धुक्यात पांढऱ्यावर पांढरं त्याला दिसलं नव्हतं, पडल्यावर दिसलं, आणि तरीही त्याच्या मनात पहिला विचार आला तो चोराचा.

"चोरले नाई," उस्ताद म्हणाले. "मीच ठेवले."

"काऊन मजाक करता, उस्ताद."

"मी ठेवले आन् मीच उचलले नाई."

त्या पोरानं माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी वेगळं सांगेन म्हणून. मी मान खाली घातली. तेव्हा त्याला पटलं. आम्ही उतरलो तेव्हा तो दगड ठेवणाऱ्याला मोठमोठ्यानं शिव्या घालत होता. आता त्याचं तोंड मिटलं. उस्ताद त्याच्यासमोर उकिडवे बसले. "दे शिव्या," म्हणाले. "ज्यानं ठेवले त्याले देऊन राह्यला होता ना? तो मी आहे. दे." पोरगा रडायला लागला. इतका वेळ हात मोडलेला असून तो रडला नव्हता.

उस्तादांनी अंगातला स्वेटर काढला, काकूंनी विणलेला गुलाबी स्वेटर, आणि त्याची झोळी करून पोराचा हात गळ्यात बांधला. मग दगडाकडे गेले. तो उचलायचं सोडून त्याच्याकडे बघत उभे राहिले, आणि मला विचारलं,

"मी उचलले मनून बोललो होतो का?"

"हाव."

"तू आयकलं?"

"आयकलं, उस्ताद."

"मंग मी उचलले काऊन नाई?"

हा प्रश्न त्यांनी मला खरोखर विचारला होता. त्यांना उत्तर हवं होतं. ते खोटं बोलले नव्हते. त्यांच्या हातांना, पाठीला, डोक्याला पक्कं वाटत होतं की दगड उचलून झालेत. तिथे, त्या थंडीत, मला ती म्हैस आठवली. गोठ्यात बांधलेली म्हैस. मग आठवलं की एकदा त्यांनी मागच्या फळीऐवजी आमच्याच गाडीच्या पुढच्या काचेवर चुना लावला होता आणि मी हसून पुसला होता. एकदा काकूंना विचारलं होतं, ही पोरगी कोण, आणि मला वाटलं होतं, माझी फिरकी घेताहेत. साधा माणूस असा वागला असता तर घरच्यांनी कधीच दवाखान्यात नेला असता. पण उस्तादांचं सगळंच उफराटं, त्यात हे कुठून सुरू झालं ते आम्हा कुणालाच कळलं नाही. मी त्यांच्याबरोबर दोन महिने बसत होते, आणि मलाही नाही.

दोन्ही दगड उस्तादांनी पोत्यात घातले, आणि पोराला आम्ही दवाखान्यात नेलं. हाताला प्लास्टर, हनुवटीला टाके, बाकी वाचला. माल दुपारी सेलूलाच मिळेल त्या भावानं दिला. मग उस्ताद म्हणाले, तुझ्या घरी चल. मी चावी फिरवली तेव्हा ते नेहमीसारखे माझ्या हाताकडे बघत नव्हते. बाहेर बघत होते.

बाबा अंगणात होते, गाडी बघायला आलेला माणूसही होता. उस्तादांनी चपला काढल्या नाहीत, खाटेवर बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "पोरीले एकटी जाऊ दे."

बाबांचा चेहरा उजळला. "म्हंजे शिकली?"

"ती केव्हाचीच शिकली," उस्ताद म्हणाले. "मलेच घरी बसाले जीव होत नव्हता मनून सांगत नव्हतो. आता तिच्या गाडीत मी नको. माहा भरोसा नाई."

बाबांना वाटलं चेष्टा आहे, ते हसले. मी घरात गेले आणि चुलीपाशी बसून रडले. ज्या शब्दासाठी सगळा हिवाळा कुडकुडले तो असा मिळावा? आणि हे त्यांनी काही दिवसांपूर्वीच सांगून टाकलं असतं तर तो पोरगा रस्त्यावर पडलाच नसता, याचा संतापही आला. इतका संताप की पुढचे कित्येक दिवस त्यांच्या घरासमोरून जाताना मी हॉर्न दिला नाही. मग एकदा दिला.

गाडी आमच्याकडेच राहिली. पोतं माझ्या गाडीतच राहून गेलं, त्यांनी मागितलं नाही आणि मी दिलं नाही. दगड दोन्ही त्यात आहेत. पोळ्याला मी त्यांना चुना देते. कान उघडे ठेवते, खिशात नाही पण एका डब्यात बटाटा ठेवते. वाटेत गाडी बंद पडली तर निघताना मी आता मोठ्यानं "उचलले" म्हणते आणि मग पोतं हातानं चाचपून बघते. उस्तादांनी शिकवलं त्यात ही एवढी एक भर मी माझी घातली आहे.

ते आता भल्या पहाटे उठतात आणि रस्त्यावर येऊन उभे राहतात, गाड्या ऐकत. काकू किती वेळा धरून आणणार? मागच्या थंडीत काकूंनी त्यांच्या त्याच गुलाबी स्वेटरच्या पाठीवर पांढऱ्या कापडाचा रुंद पट्टा शिवला. धुक्यातून तो पट्टा पहिल्यांदा माझ्या दिव्यात आला तेव्हा ब्रेकवरचा पाय मला कितीतरी वेळ उचलता आला नाही.

परवा मी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले. ते गाडीभोवती फिरले, मागची फळी हातानं चाचपली, टायरवर बुक्की मारली. मग क्लीनरच्या बाजूचं दार उघडून पोत्यात डोकावले.

"हे कोनाचे दगड?"

तुमचे, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तसं म्हणवेना.

"माहे आहे, उस्ताद."

"मंग आठवनीनं उचलत जाजो, बाई," ते म्हणाले. "लोकं पडतेत."